मलेरियाचे हरवलेले दिवस

चिऊ, बंडू, या इकडे. तो मोबाइल आधी पालथा ठेवा. आज एक कोडं घालतो. मोठमोठ्या डॉक्टरांना ते पन्नास वर्षं सुटलं नव्हतं, तेव्हा तुम्हांला लगेच नाही सुटलं तर रुसायचं नाही.

समजा, मलेरियाचा डास आज संध्याकाळी तुम्हांला चावला. ताप कधी येईल?

"उद्या," चिऊ म्हणते. नाही गं. उद्या नाही, परवाही नाही. दहा-बारा दिवस, कधी पंधरा दिवस, काही म्हणता काही होत नाही. माणूस शाळेत जातो, क्रिकेट खेळतो, भेळ खातो. मग एक दिवस अचानक दात वाजायला लागतात. दोन गोधड्या घातल्या तरी हुडहुडी जात नाही. तासाभराने अंग फणफणतं आणि शेवटी घामाने गादी भिजते. मग प्रश्न असा की, मधले इतके दिवस तो जंतू होता कुठे? आणि करत काय होता?

मला आधी एवढं सांगा, मलेरिया कशाने होतो? डासाने? अर्धेच मार्क. डास फक्त आणून सोडतो. आजार होतो तो प्लाझ्मोडियम नावाच्या एकपेशीय जिवामुळे. दुसऱ्याच्या अंगात राहायचं, त्याचंच खायचं, असं त्याचं आयुष्य. म्हणून त्याला परजीवी म्हणतात. १८८० साली अल्जेरियात लाव्हेराँ नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरला तो रोग्याच्या रक्तात दिसला. पण तो रक्तात शिरतो कसा, ते शोधलं आपल्या देशात. आपल्या अल्मोड्यात जन्मलेला रोनाल्ड रॉस हा इंग्रज डॉक्टर सिकंदराबादच्या उकाड्यात डासांची पोटं फाडून बघत बसायचा. पंखा लावायची सोय नाही, कारण वाऱ्याने डास उडून जाणार. २० ऑगस्ट १८९७ रोजी एका ॲनाफिलीस डासाच्या पोटाच्या भिंतीवर त्याला परजीवीच्या गाठी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करताना त्याने उरलेला प्रवासही पाहिला. त्या गाठी फुटतात, त्यांतून बारीक, वाकडे जीव निघतात आणि थेट डासाच्या लाळेच्या ग्रंथींत जाऊन बसतात. डास चावताना लाळ सोडतो आणि त्या लाळेबरोबर हे आपल्या अंगात येतात. त्यांना म्हणतात स्पोरोझॉइट. लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी.

इथपर्यंत झकास. आता घोळ ऐका. फ्रिट्झ शाउडिन नावाचा एक जर्मन शास्त्रज्ञ होता. माणूस खरोखर हुशार. पुढे सिफिलिसचा जंतू शोधणाऱ्या दोघांपैकी एक. १९०३ साली त्याने लिहिलं की, स्पोरोझॉइट सरळ रक्तातल्या तांबड्या पेशीत घुसताना मी सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी पाहिलाय. एवढ्या मोठ्या माणसाने पाहिलं म्हटल्यावर संपलंच! पुस्तकांत तसं छापलं गेलं, विद्यार्थ्यांनी तसं पाठ केलं. इतरांना मात्र ते दृश्य काही केल्या दिसेना. आणि मधले रिकामे दिवस तर कोणाच्याच हिशेबात बसेनात.

दुसऱ्या महायुद्धात हा हिशेब नीट मांडला गेला. पॅसिफिकच्या जंगलांत ऑस्ट्रेलियाचे सैनिक गोळीपेक्षा मलेरियाने जास्त आडवे होत होते. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स गावात नील हॅमिल्टन फेअरली या डॉक्टरने तयार झालेल्या सैनिकांना मलेरियाचे डास चावू दिले. मग ठरावीक वेळाने त्यांचं रक्त काढून दुसऱ्या तयार सैनिकाला द्यायचं आणि त्याला मलेरिया होतो का ते बघायचं. सापडलं ते मोठं नवलाचं होतं. चावल्यापासून अर्ध्या तासाच्या आत काढलेल्या रक्ताने मलेरिया होतो. त्यानंतरच्या रक्ताने होत नाही. म्हणजे परजीवी रक्तातून गेला! आणि परत उगवतो तो फाल्सिपेरम जातीचा असेल तर सहाव्या दिवशी, व्हायवॅक्स जातीचा असेल तर आठव्या दिवशी. अर्ध्या तासात गायब, आठवड्याने हजर. आता अंगात दडून बसायला जागा कोणती, एवढंच शोधायचं राहिलं.

ती शोधली हेन्री शॉर्ट आणि सिरिल गार्नहॅम यांनी, लंडनमध्ये. शॉर्ट पंजाबात जन्मलेले, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये कर्नल होते; उभी हयात आपल्याकडच्या काळा आजारासारख्या रोगांत घालवलेला माणूस. ऱ्हीसस माकडाच्या यकृतात त्यांनी परजीवी शोधायला घेतला. पण थोडे डास चावून थोडे स्पोरोझॉइट अंगात गेले, तर एवढ्या मोठ्या अवयवात ते सापडायचे कसे? मग त्यांनी एकाच माकडावर पाचशे डास सोडले. सात दिवसांनी त्याच्या यकृताच्या पातळ चकत्या कापून, रंग देऊन पाहिल्या, आणि यकृताच्या पेशीत परजीवी बसलेला दिसला. एकटा नव्हता, एका पेशीत हजारोंनी वाढलेला. ही १९४८ सालची गोष्ट. त्याच वर्षी माणसाच्या यकृतातही तो दिसला. रॉसच्या कलकत्त्यातल्या शोधानंतर बरोबर पन्नास वर्षांनी.

"आजोबा, माकडाला मारलं?" हो बंडू, मारलं. तुझा प्रश्न लक्षात ठेव, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता यकृतात काय चालतं ते ऐका. उजव्या बरगड्यांखाली हात ठेवा. मोठ्या माणसाचं यकृत दीडेक किलोचं असतं, त्यात अब्जावधी पेशी. डास चावताना फार तर शंभरेक स्पोरोझॉइट आत सोडतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. ते कातडीत सरपटतात, रक्तवाहिनी गाठतात आणि यकृतात पोचतात. वाटेत यकृताचे पहारेकरी असतात, जंतू गिळणाऱ्या पेशी. यातले काही स्पोरोझॉइट त्या पहारेकऱ्यांच्याच पोटातून आरपार जातात! बरं, आत गेल्यावर पहिल्या पेशीत बसतील, तर तेही नाही. २००१ साली मारिया मोटा या पोर्तुगीज संशोधिकेने दाखवलं की, स्पोरोझॉइट एका पेशीत घुसतो, बाहेर पडतो, दुसरीत घुसतो, पुन्हा बाहेर पडतो, असं करत शेवटी एका पेशीत मुक्काम करतो. तिथे स्वतःभोवती एक पातळ पिशवी करून आत वाढतो. सहा-आठ दिवसांत एकाचे दहा हजारांहून जास्त होतात.

एवढं होऊनही आपल्याला काहीच कळत नाही. ताप नाही, कळ नाही. एवढ्या पेशींतल्या शंभरभर गेल्या तर यकृताला त्याचं काय! ताप येतो तो ही पिल्लावळ रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडायला लागते तेव्हा. यकृत सोडतानाही त्यांची हुशारी बघा. हॅम्बुर्गच्या शास्त्रज्ञांनी २००६ साली उंदरांच्या मलेरियात पाहिलं की, मेलेल्या यकृतपेशीचंच आवरण अंगावर पांघरून हे परजीवी पुडक्या-पुडक्यांनी रक्तात सुटतात. पहारेकऱ्याला वाटतं, आपलीच पेशी आहे, जाऊ दे.

आता तुम्ही शास्त्रज्ञ आहात असं समजा. परजीवी रक्तात कोट्यवधींनी झाला की औषधाला फार काम पडतं. यकृतात असतानाच गाठला तर मूठभरच शत्रू. मग त्याला तिथे गाठायचं औषध शोधायचं कसं? जिवंत माणसाच्या यकृतात डोकावता येत नाही. दर वेळी माकड मारायचं, तर बंडू रागावणार. म्हणजे उपाय एकच. यकृताच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या बशीत जगवायच्या आणि परजीवीला तिथे राहायला बोलवायचं.

रक्तातल्या परजीवीला असं बशीत वाढवणं १९७६ साली जमलं होतं. न्यूयॉर्कमध्ये विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी तांबड्या पेशींत फाल्सिपेरम जगवला, आणि त्यासाठी काय वापरलं माहितेय? साधी मेणबत्ती! काचेच्या हवाबंद भांड्यात बश्या ठेवायच्या, शेजारी मेणबत्ती पेटवायची आणि झाकण लावायचं. ज्योत प्राणवायू खाते आणि विझते. उरलेल्या कमी प्राणवायूच्या हवेत परजीवी खूश. पुढे पॅरिसमध्ये डोमिनिक माझिए या डॉक्टरबाईंनी माणसाच्या यकृतपेशींत १९८४ साली व्हायवॅक्स आणि १९८५ साली फाल्सिपेरम वाढवून दाखवला.

"मग झालं की!" कुठलं झालं? खरी पंचाईत तर इथे सुरू होते. यकृताची पेशी मोठी मानी. शरीरात असते तेव्हा रक्तात लागणारी प्रथिनं बनवते, विषारी अमोनियाचा युरिया करते, पित्त गाळते, पोटात गेलेलं औषध फोडते. पाचशेच्या वर कामं सांगतात तिची. पण तिला एकटीला काढून बशीत ठेवली की दोन-चार दिवसांत ती चपटी होते आणि कामं सोडते. जिवंत असते, पण यकृताची म्हणावी असं तिच्यात फारसं काही उरत नाही. आणि आपल्या परजीवीला तर आठ दिवस पाहिजेत, तेही यकृतासारखं वागणाऱ्या पेशीत.

कोणी म्हणालं, मग कर्करोगाच्या पेशी घ्या, त्या बशीत कितीही दिवस जगतात. अर्जेंटिनातल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीपासून हेप-जी-टू नावाच्या पेशी तयार झाल्या आहेत. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या आजही वाढताहेत आणि कामाच्याही आहेत. पण त्या सतत दुभागत राहतात. त्या गर्दीत परजीवीचे हाल होतात, आणि औषध फोडायचं यकृताचं काम त्यांना धड येत नाही.

या अडचणीवर सुंदर तोड काढली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संगीता भाटिया यांनी. आईवडील भारतातून तिकडे गेलेले, ही बॉस्टनची मुलगी. इंजिनीअरही आणि डॉक्टरही. त्यांनी पेशीला विचारलं असणार, बाई गं, तुला हवंय तरी काय? उत्तर निघालं, शेजार. शरीरात यकृतपेशी कधी एकटी नसते. तिच्या जातीच्या पेशी तिला खेटून असतात आणि वेगळ्या जातीच्या पेशी भोवती असतात.

मग त्यांनी काय केलं, ते जवळून बघा. बशीच्या तळाला आधी कोलॅजेनचा थर देतात. आपल्या कातडीत, हाडांत असतं तेच प्रथिन. यकृतपेशी त्याला धरून बसते. त्यावर सिलिकॉन रबराचा एक साचा दाबतात आणि साच्याबाहेरचं कोलॅजेन उडवून टाकतात. उरतात कोलॅजेनचे गोल ठिपके, प्रत्येक साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, ठरावीक अंतरावर. अगदी तुझी आई दिवाळीत काढते ती ठिपक्यांची रांगोळी, फक्त डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी. आता यकृतपेशी सोडायच्या. त्या दान केलेल्या पण दुसऱ्या माणसाला बसवता न येणाऱ्या यकृतातून काढलेल्या असतात. कोमट विकर रक्तवाहिन्यांतून फिरवून त्या सुट्या करतात आणि द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला, गोठवून ठेवतात. म्हणजे एकाच माणसाच्या पेशींवर वर्षानुवर्षं प्रयोग करता येतात. या पेशी फक्त ठिपक्यांवर चिकटतात, बाकीच्या धुऊन टाकायच्या. मग मधल्या मोकळ्या जागेत उंदराच्या आधार देणाऱ्या पेशी पेरायच्या. झाला शेजार तयार.

पुढे गंमत होते. सूक्ष्मदर्शकाखाली यकृतपेशी पुन्हा कोनदार दिसायला लागतात, पुष्कळ जणींत दोन-दोन केंद्रकं, आणि दोन पेशींच्या मध्ये पित्ताच्या वाटा चमकतात. त्या पेशी काम करताहेत की नुसत्या बसल्यात, ते कळायला बशीतलं पाणी तपासतात. अल्ब्युमिन आणि युरिया सापडला की समजायचं, यकृत कामावर हजर आहे. दोन-चार दिवसांत हात टेकणाऱ्या पेशी अशा शेजारात चार-चार आठवडे काम करतात. २०१३ साली या बश्यांत फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स दोन्ही वाढवून दाखवले. पुढच्या वर्षी त्याच प्रयोगशाळेने आणखी एक युक्ती केली. यकृतात फुप्फुसापेक्षा प्राणवायू कमी असतो, म्हणून बशीभोवतीचाही कमी केला, आणि परजीवी जास्त पेशींत शिरले, मोठेही झाले. ट्रेगरसाहेबांची मेणबत्ती आठवली ना?

"पण आजोबा, बशीत टाकायला परजीवी आणायचे कुठून?" शाब्बास चिऊ! आणायचे डासाकडून, हाताने. डासांना आधी गारठवून सुस्त करतात. मग काचपट्टीवरच्या थेंबात एक डास ठेवायचा, एका सुईने त्याची छाती दाबून धरायची आणि दुसरीने डोकं अलगद पुढे ओढायचं. हात बसलेला असला तर डोक्यामागून लाळेच्या दोन ग्रंथी सुटून येतात, पारदर्शक, प्रत्येकीला तीन फाटे. ओढ जरा जोरात बसली की ग्रंथी आतच तुटतात आणि डास वाया जातो. एका प्रयोगाला असे डझनांनी, कधी शेकड्यांनी डास सोलावे लागतात. व्हायवॅक्सची तर तऱ्हाच वेगळी. तो रक्ताच्या बशीत पिढ्यान् पिढ्या टिकत नाही. म्हणून मलेरियाच्या रोग्याचं थोडं रक्त, त्याची परवानगी घेऊन, पातळ पडद्याआडून डासांना पाजायचं आणि त्यांना बंद खोलीत दोनेक आठवडे सांभाळायचं. म्हणून व्हायवॅक्सचं असं काम थायलंड, कंबोडियासारख्या, रोगी असतात त्या देशांवर अवलंबून असतं.

आता या व्हायवॅक्सची सगळ्यात मोठी लबाडी. त्याचे काही स्पोरोझॉइट यकृतात शिरले की वाढतच नाहीत. एकाचा एकच राहून झोपी जातात. आठवडे, महिने, कधी वर्षसुद्धा. मग एक दिवस जागे होतात, आणि डास चावलेला नसतानाही त्या माणसाला पुन्हा थंडी वाजून ताप येतो. यकृतातले हे झोपलेले जीव १९८० साली माकडांत दिसले. ते शोधणाऱ्यांत गार्नहॅम होतेच, ऐंशीच्या उंबरठ्यावर! २०१८ साली भाटियांच्या गटाने थायलंडच्या सहकाऱ्यांबरोबर हे झोपलेले परजीवी बशीत तीन आठवडे सांभाळले आणि त्यांच्यात कोणती जनुकं चालू असतात तेही वाचलं. कुठलं औषध त्यांना मारतं, ते आता माणसाच्याच पेशींत बघता येतं.

यात शेजाराचं महत्त्व कसं येतं, बघा. झोपलेल्यांना मारणारं जुनं औषध म्हणजे प्रायमाक्विन. ही गोळी गिळली की आधी यकृत तिच्यावर काम करतं, मग तिच्यात मारायची ताकद येते. काम विसरलेल्या पेशींत ते तपासलं असतं, तर हे औषध निरुपयोगी म्हणून कचऱ्यात गेलं असतं! पेशीला सुखात ठेवल्याशिवाय तिच्यातला शत्रू कळत नाही तो असा.

"आणि लस?" आहे ना, आणि आपल्या पुण्यात बनते. स्पोरोझॉइटच्या अंगावर एका प्रथिनाचा जाड थर असतो. त्या प्रथिनाचा तुकडा ओळखायला शरीराला शिकवलं, तर तो यकृतात शिरायच्या आधीच पकडता येतो. अशी पहिली लस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आफ्रिकेतल्या मुलांसाठी मान्य केली. दुसरी, आर-ट्वेंटीवन नावाची, ऑक्सफर्डने शोधली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली. तिला २०२३ च्या ऑक्टोबरात मान्यता मिळाली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधल्या बाळांना ती टोचायला सुरुवातही झाली. गरजही तेवढीच आहे. २०२३ या एका वर्षात जगात अंदाजे २६ कोटी ३० लाख लोकांना मलेरिया झाला आणि ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं.

पण या दोन्ही लशी फाल्सिपेरमवरच्या. आपल्याकडे व्हायवॅक्सही भरपूर, आणि मुंबईत त्याचा डास गच्चीवरच्या उघड्या टाकीत मजेत अंडी घालतो. म्हणून टाकीचं झाकण घट्ट, हे पहिलं औषध. आणि तरीही व्हायवॅक्स झालाच, तर रक्तातल्या परजीवीसाठी एक औषध देतात आणि यकृतातल्या झोपलेल्यांसाठी चौदा दिवस प्रायमाक्विन. ते काही जणांच्या तांबड्या पेशींना सोसत नाही, म्हणून आधी रक्त तपासायचं आणि डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं.

बंडू तोंड वाकडं करतोय. "तिसऱ्या दिवशी ताप गेला, तर पुढच्या गोळ्या कशाला?" अरे, ताप गेला म्हणजे रक्तातले गेले. यकृतातले आले तेव्हा तरी तुला कळले होते का? मग ते गेले हे तू कशावरून सांगणार? रक्तातल्यांसाठीचं औषध तुझ्या तापासाठी, प्रायमाक्विनच्या गोळ्या त्या झोपलेल्यांसाठी. चौदाच्या चौदा घ्यायच्या.